झाकलेला खांदा

“सुईबाई, तेवढा खांदा राहू दे झाकलेला,” डॉक्टर म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

सुईबाईंनी भिंगावरून डोळा हलवला नाही. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या: सुईने दगड कोरायचा, आतल्या हाडाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. आज सुईखाली एक उडता सरीसृप होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल; त्याच्या या दूरच्या भाऊबंदाने मात्र एका लांबलचक बोटावर पंख ताणून, पक्ष्यांच्याही आधी, आकाश गाजवलं होतं!

हा सापडला त्याच खाणीतून पूर्वी दोन जाती निघाल्या होत्या. एक थोरली, लांब जबड्याची. दुसरी तळहाताएवढी, आखूड जबड्याची. ही धाकटी सुईबाईंनी दगडातून सोडवली, म्हणून जीवाश्मांवर ग्रंथ लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तिला त्यांचंच नाव दिलं. दगड कोरणाऱ्या बाईचं नाव, थेट ग्रंथात! नवरा तर येईल त्याला ऐकवायचा, “हिच्या नावाचा प्राणी आहे, आणि दातांसकट!”

आणि आता हा तिसरा. जबडा मधला, पंख मधले. धाकटीच्या खांद्याची हाडं सुटी होती, थोरलीची एकजीव; आणि ही हाडं वाढत्या वयातही जुळत जातात. याची अर्धवट जुळलेली निघाली, तर जाती दोन नव्हेतच. एकाच जातीचं पिल्लू, पोरगं आणि बाप्या. मग नियमाने आधी ठेवलेलं नाव टिकणार, थोरलीचं. सुईबाईंच्या नावावर काट.

“चूक माझी,” डॉक्टर म्हणाले. “शिक्षा तुम्हाला का? दगड घट्ट होता, निघाला नाही, असं लिहू.”

“घट्ट?” सुईबाईंना ते भलतंच झोंबलं. “माझ्या हाताखाली आजवर कुठला दगड घट्ट राहिलाय हो?”

डबा खाताना त्यांनी घरी फोन लावला. “अहो, आपला प्राणी बहुतेक जाणार.”

“जाणार कुठे? इतकी कोटी वर्षं जागचा हलला नाही तो!”

“नाव जाणार.”

मग नवरा म्हणाला, “तू जेवलीस का?”

“जेवतेय.”

“मग हात धू आणि लाग कामाला. अर्धवट काम टाकून आलीस, तर घरी रात्रभर चिडचिड करशील.”

चार वाजता सुईबाईंनी शेवटची कपची उडवली, फुंकर मारली आणि खुर्ची मागे सरकवली. “या. बघा.”

डॉक्टर बराच वेळ भिंगावर वाकून राहिले. हाडं निम्मी जुळलेली होती, निम्मी सुटी. मधली रेघ केसासारखी बारीक आणि स्वच्छ. मग कपाटातून धाकटीचा दगड आणून ते त्यावरची सुईबाईंच्या नावाची पिवळी पडलेली चिठ्ठी नखाने खरवडू लागले.

“अहो, नखाने नको!” सुईबाई कापूस भिजवत म्हणाल्या. “आधी डिंक मऊ होऊ द्या. खालीच पिल्लाच्या शेपटीचं टोक आहे.”