ढाणकीच्या दुकानातला औषधांचा फ्रीज

मित्रांनो, ढाणकीच्या बाजारपेठेत शोभाताईंचे औषधांचे दुकान आहे. त्या दुकानाच्या कोपऱ्यात मी सोळा वर्षांपासून उभा आहे. मी एक जुना फ्रीज आहे. माझ्या दाराचे रबर फाटले आहे आणि सुरू होताना मी जरा थरथरतो.

मी आलो, तेव्हा गावातल्या लोकांना इन्सुलिन आणायला उमरखेडला जावे लागे. उन्हाळ्यात ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. मी आल्यावर ती धावपळ संपली. माझ्या पोटात काटा असलेला तापमापक टांगलेला होता. काटा दोन आणि आठ अंशांच्या मध्येच राहिला पाहिजे, याकडे ताईंचे बारीक लक्ष असे. कुणी पाण्याची बाटली आत ठेवायला आले तर त्या म्हणत, "हा घरचा फ्रीज नोहे. याच्यात लोकायचा जीव हाय."

ते ऐकून माझा ऊर भरून येई.

मग सगळ्यांच्या हाती मोबाईल आले. मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर औषधे स्वस्त मिळू लागली, तीही घरपोच. एकेक गिऱ्हाईक येईनासे झाले. गोपालभाऊंची मुलगी वैष्णवी सहा वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला होता. तिचे पहिले इन्सुलिन माझ्याच पोटातून गेले होते. पण गोपालभाऊही येईनासे झाले. ताईंना मुदत संपलेल्या कुप्या फेकाव्या लागल्या. शेवटी त्यांनी इन्सुलिन मागवणे थांबवले आणि मला विकायचे ठरवले. माझ्यात एकच कुपी उरली होती. तिची मुदत संपायला बारा दिवस होते.

ज्या दिवशी मला न्यायला उमरखेडहून माणूस येणार होता, त्याच दिवशी पहाटे मोठे वादळ झाले. उमरखेडच्या रस्त्यावर झाडे पडली. वीज गेली. मला न्यायला कुणी येऊ शकले नाही.

बाहेर मे महिन्याचे ऊन तापत होते. माझा काटा चारवरून पाचवर गेला, मग सहावर. फाटक्या रबरातून गरम हवा आत शिरत होती. मी काहीच करू शकत नव्हतो.

दुपारी एक मोटारसायकल दुकानासमोर थांबली. गोपालभाऊंनी अकरा वर्षांच्या वैष्णवीला उचलून बाकावर बसवले. तिचा श्वास जोरजोरात चालला होता. ती सारखे पाणी मागत होती आणि प्यायलेले ओकत होती.

"शोभाताई, इन्सुलिन हाय का? पोरीचं कालच संपलं."

"संपेपर्यंत थांबले काहून?"

"तीन दिवसांपासून मोबाईल सांगून राह्यला, आज पोचते म्हणून. फोन केला तं मशीन बोलते, माणूस बोलतच नाही. दवाखान्यात निघालो, तं रस्ता बंद."

ताईंनी माझे दार उघडले. काटा आठला टेकला होता. त्यांनी कुपी उजेडात धरून पाहिली. औषध स्वच्छ होते. त्यांनी लगेच वैष्णवीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी किती द्यायचे ते सांगितले आणि रस्ता मोकळा होताच तिला घेऊन निघायला सांगितले.

गोपालभाऊंनी सुई हातात घेतली, पण पोरीला टोचायची त्यांना हिंमत होईना.

"बाबा, आना इकडं. मी घेतो टोचून," वैष्णवी पुटपुटली. तिने स्वतःच्या हाताने सुई टोचून घेतली. ताईंनी तिला मागून धरून ठेवले होते.

दोन तासांनी रस्ता मोकळा झाला. वैष्णवी चार दिवस दवाखान्यात होती. ती वाचली.

ती घरी आल्यावर मोबाईलवरून मागवलेले इन्सुलिनचे पार्सल पोचले. गोपालभाऊ ते घेऊन दुकानात आले. आतल्या बर्फाचे कोमट पाणी झाले होते.

"हे तिले टोचू नका," ताई म्हणाल्या.

"तक्रार केली होती. पार्सल पोचलं म्हणून त्यायनं तक्रारच बंद केली. ताई, आता तुम्हीच आणून ठेवत जा."

ताईंचा आवाज चढला. "तुमच्या एकट्यासाठी कसं ठेवू? तुम्ही सगळे मोबाईलवर मागवता आन् मी इथं औषध फेकत बसतो. फ्रीज तं मी विकूनच राह्यली होती!"

गोपालभाऊ मान खाली घालून गेले. त्या आठवड्यात ते इन्सुलिन लागणाऱ्या दहा घरांत जाऊन आले. सात घरांनी दर महिन्याच्या इन्सुलिनसाठी ताईंकडे नाव नोंदवले. तिघांनी नाही म्हटले. सातांवर मी किती दिवस टिकेन, मला ठाऊक नाही. पण ताईंनी माझे रबर बदलून घेतले.

मित्रांनो, मोबाईलवरून हवे ते मागवा. त्यातून पुष्कळांची सोय होते, हे मलाही दिसते. पण संकटात ज्या दुकानाकडे धाव घ्याल, तिथे चांगल्या दिवसांतही जात जा. त्या दुपारी मी तिथे होतो, कारण रस्त्यात झाड आडवे पडले होते. प्रत्येक वेळी झाड पडेलच असे नाही.