अस्वलमामाची डरकाळी

सिनेमात अस्वल डरकाळी फोडतं ना, ती अस्वलाची नसतेच मुळी. ती मामाची! ऐन तारुण्यात मामाने रिकाम्या बादलीत तोंड घालून अशी काही आरोळी ठोकली, की तेव्हापासून पडद्यावर अस्वल आलं रे आलं, की सिनेमावाले मामाच्या साउंड स्टुडिओचा रस्ता धरत. धंद्यात सगळे त्याला अस्वलमामा म्हणत. मामाही ते बिरुद छाती फुगवून मिरवी.

आणि आता त्याच्याच हाताखाली काम शिकलेली सख्खी भाची म्हणत होती, की या फिल्ममध्ये डरकाळी घालायची नाही.

फिल्म होती रानातल्या अस्वलांच्या विणीच्या हंगामावर. भाची अख्खा हंगाम मचाणावर माइक लावून बसली होती. चिलटांनी फोडून काढली, पाठ कामातून गेली, पण आवाज घेऊनच आली. नर मादीच्या मागे मागे हिंडतो, जवळ जातो आणि तोंड मिटून घुमतो. मधूनच जिभेने टक्-टक् करतो. मादीला पटलं तर बारीक हुंकार देते. नाही पटलं तर अशी फुसकारते, की एवढा धिप्पाड गडी जागच्या जागी थिजतो.

निर्मात्याने ते ऐकलं आणि नाक मुरडलं. "हे अस्वल आहे की उकळतं पातेलं? लोकांना धडकी भरली पाहिजे. मामा, तुमची डरकाळी टाका."

"टाकू की!" मामा खुलला. "लाव गं."

"नाही," भाची म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ती दोघं भांडत नाहीयेत, मामा. तो तिची मनधरणी करतोय. त्यावर तुझी डरकाळी घातली, तर लोक म्हणणार, जनावर ते जनावरच. उद्या रानात अस्वल दिसलं की आधी बंदूक उचलतील. आणि मी..."

"गप्प बस!" मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला शिकवतेस? या आवाजावर घर चाललं, तुझं शिक्षण झालं! लाव, नाहीतर उद्यापासून इथली पायरी चढू नकोस."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. तरी तिचा हात बटणाकडे गेला नाही.

"नाही चढणार. पण आधी एकदा नीट ऐक." आणि तिने हेडफोन त्याच्या हातात अक्षरशः कोंबला.

"मामा, भाचीचे लाड घरी करा हो," निर्माता म्हणाला.

मामाने फणकाऱ्याने हेडफोन चढवला. पडद्यावर नर घुमू लागला.

"हा मधेच गप्प का होतो?" मामा ओरडला. कानावर हेडफोन असला की माणूस ओरडूनच बोलतो.

भाचीने त्याचा एक कान मोकळा केला. "ती काय म्हणते ते ऐकायला."

"आणि ती काही बोललीच नाही तर?"

"थांबतो."

"कुठवर?"

"ती बोलेपर्यंत."

मामाने बोटाने खूण केली, परत लाव. तिने लावलं. त्याने आणखी एकदा लावायला सांगितलं. जन्मभर आवाज चढवून पोट भरलेला माणूस तो, घरीदारी त्याने कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. आता त्याची त्यालाच लाज वाटली. कान लाल झाले.

"ठरलं ना मग?" निर्माता वैतागला. "ही नाही लावत तर दुसरं कुणी लावेल."

मामाने हेडफोन उतरवला आणि भाचीकडे वळला. "मगाशी तू काय म्हणत होतीस? मी पुरतं ऐकलंच नाही."

भाची म्हणाली, "डरकाळी घालायची नाही. आणि मी त्यांचे आवाज काढणारही नाही तिथून, ती दोघं जशी बोलतात तशीच ऐकू येणार."

"ऐकलंत?" मामा निर्मात्याला म्हणाला. "नाही घालायची."

"मग फिल्म दुसऱ्या स्टुडिओत जाईल, मामा."

"खुशाल न्या. पण डरकाळी माझ्या नरड्यातली आहे, आणि ती मी तुम्हाला देत नाही."