पोलादाचं चालतं घर

मित्रांनो, रस्त्याने जाताना एखादी बस दिसली, तिच्या खिडकीत कोथिंबिरीची कुंडी आणि मागच्या दारावर वाळत घातलेलं पातळ दिसलं, तर ड्रायव्हर वाट चुकून कुणाच्या अंगणात शिरला असं समजू नका. ती मी असेन. मी एक जुनी, शाळेतून निवृत्त झालेली बस आहे आणि आता एका जोडप्याचं घरही आहे.

माझा सांगाडा दूरच्या कारखान्यातून आला, पण माझं अंग घडलं ते दुर्ग शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये. कारागिरांनी पत्रे ठोकले, खिडक्या बसवल्या आणि मला पिवळा रंग दिला. मग भिलाईतल्या एका शाळेची मुलं मी रोज नेऊ लागले. सेक्टरांमधले ते सरळ रस्ते, दोन्ही बाजूंची झाडं, मुलांची भांडणं आणि अर्धवट खाल्लेले डबे, एवढंच माझं जग होतं. संध्याकाळी गॅरेजकडे परतताना कधीकधी सगळं आकाश एकदम तांबडं होई. पोलादाच्या कारखान्यात लोखंडाची वितळलेली मळी ओतत असत, तिचा तो उजेड. मी थक्क होऊन बघत राही. जगात याहून मोठं काही नसेल, असं मला तेव्हा वाटे.

पुढे शाळेने नवी बस घेतली. मला भिलाईजवळच्या कुरुदच्या एका रिकाम्या प्लॉटवर आणून उभं केलं आणि सगळे मला विसरले. माझी चाकं मातीत बसली. चाकांमधून गवत उगवलं. एका कुत्रीने माझ्या मागच्या सीटखाली पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत. आजूबाजूला नवी घरं उठत होती. मला लवकरच भंगारात तोडतील, असं लोक माझ्यासमोरच बोलत.

अशा वेळी शालिकराम आले.

शालिकराम मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. सारं आयुष्य त्यांनी भिलाईच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम केलं आणि आता ते रिटायर झाले होते. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि बोटांच्या पेरांनी माझा पत्रा वाजवला. सोबत त्यांची बायको सिंधुताई होती.

"चेसिस अजून जिवंत आहे हिची," शालिकराम म्हणाले.

"अन आपल्या कमरा?" सिंधुताई म्हणाल्या. "अजी, या वयात बसमधी संसार करून राहिले तुमी, लोक का म्हणतील?"

"लोक म्हणतील, आमाले पण न्या."

हे खूळ कुठून आलं, ते सांगते. भिलाईच्या वैशाली नगरात त्यांच्या शेजारी रोशनी नावाची शिक्षिका राहते. तिच्या चर्चतर्फे दर उन्हाळ्यात जंगलातल्या गावांजवळ मुलांची शिबिरं भरतात. वसतिगृहांत राहणारी मुलं तिथे येतात, गाणी म्हणतात, येशूच्या गोष्टी ऐकतात, झाडांवर चढतात. एकदा तिने शालिकरामांना मोडका झोपाळा दुरुस्त करायला बोलावलं. ते एका दिवसासाठी गेले आणि आठवड्याने परतले. झोपाळा झाला, मग दार झालं, मग पाण्याची मोटर झाली. घरी आल्यावर ते सिंधुताईंना म्हणाले, "मले आता इथं करमत नाई." तेव्हा ठरलं, की उन्हाळाभर एका शिबिरावरून दुसऱ्या शिबिराला जायचं. त्यांनी मोडलेलं जोडायचं आणि सिंधुताईंनी रांधायचं. मोबदला काय, तर मुलांच्या पंगतीत जेवण.

सिंधुताईंनी रोशनीला आधीच विचारून ठेवलं होतं. "मी माह्या गजाननाचं नाव घेऊनच फोडणी देते, बाई. तुमच्या येशूले चालते ना?"

"चालते काय, मावशी, दौडते!" रोशनी म्हणाली. "पण तिखट जरा कम टाका, छोटे बच्चे आहेत."

शालिकरामांनी मला विकत घेतलं, माझं इंजिन चालू केलं आणि मला घर बनवायला घेतलं. माझी खरी कहाणी इथूनच सुरू होते.

त्यांनी आयुष्यभर रुळांना, गर्डरांना, क्रेनच्या तुळयांना जोड दिला होता. पातळ पत्र्याला ते लोखंड मानतच नसत. त्यांनी माझ्यासाठी जाड पोलादी प्लेटी आणल्या. पलंग पोलादाचा, कपाट पोलादाचं, ओटा पोलादाचा. मागच्या भागात पाण्याची भलीमोठी टाकी, तिलाही पोलादी चौकट. नटबोल्ट कुठेच नाही, सगळं वेल्डिंग. पलंगावर त्यांनी विशेष जीव लावला, कारण सिंधुताईंची पाठ दुखत असे. त्याच्या कडेला त्यांनी सळईची वेलबुट्टी काढली होती.

"घर बनवून राहिले का रणगाडा?" सिंधुताई विचारत.

"तुले मजबुतीचं का समजते?"

चाकांवरचं ओझं पेलणाऱ्या माझ्या पोलादी कमानी आतल्या आत करकरत होत्या. पण मला बोलता येत नाही, मित्रांनो, आणि शालिकराम तेव्हा माझ्या आत पाहत होते, खाली पाहत नव्हते.

विश्वकर्मा पूजेला त्यांनी माझ्या स्टीअरिंगला झेंडूचा हार घातला. रोशनीने माझ्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मला दोन्हींनी सारखंच धन्य वाटलं.

मग उन्हाळा आला आणि मी पहिल्यांदा भिलाई सोडून लांब गेले. काय सांगू तुम्हाला! साल नावाची झाडं मी तोवर पाहिलीच नव्हती. सरळ, उंच, एकामागे एक, जणू संपणारच नाहीत अशी. पहाटे शिबिरातली मुलं माझ्या शेजारी गोल करून उभी राहत आणि गात. गाणं थांबलं की सगळी गप्प होत. त्या शांततेत जंगलाचा आवाज ऐकू येई. भिलाईचं तांबडं आकाश मोठं होतंच. पण इतक्या मुलांची इतकी शांतता त्याहून मोठी होती. माझ्या खिडकीच्या काचासुद्धा थरथरायच्या थांबत.

दोन शिबिरं छान पार पडली. सगळे माझं कौतुक करत. सिंधुताईंच्या वरणाला मुलं तिसऱ्यांदा ताट पुढे करत. आणि मग रोशनीचा फोन आला. पुढच्या शिबिराची मुलं जमली होती, पण तिथल्या हातपंपाचे पाइप तुटून बोअरमध्ये पडले होते. गावातली विहीर तळाला गेली होती.

"काका, संध्याकाळपर्यंत पाणी नाही आलं तर बच्चे लोकांना वापस पाठवावं लागेल," ती म्हणाली. "सालभर वाट पाहिली आहे त्यांनी."

"कोणाले वापस नको पाठवू. मी पाणी घेऊन येऊन राहिलो. अन पंप पण काढतो."

माझी टाकी काठोकाठ भरली. पंपाचे पाइप उचलायची तीन पायांची लोखंडी तिकाटी आणि साखळी आत चढवली. आम्ही सकाळीच निघालो. शिबिराआधी एक नदी लागते. तिच्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, मागच्या पुरात वाहून गेला होता, म्हणून उन्हाळ्यात गाड्या कोरड्या वाळूतूनच जातात. आमच्यापुढे एक जीप सहज पार झाली. मीही उतरले. नदीच्या मध्यावर माझी मागची चाकं खाली गेली. शालिकरामांनी इंजिन रेटलं तशी मी आणखी खाली गेले. शेवटी माझं पोट वाळूला टेकलं.

जवळच्या गावातला एकुलता एक ट्रॅक्टर वरात घेऊन दुसऱ्या गावी गेला होता. शिबिर तिथून तासाभराच्या वाटेवर, चढावर. घागरींनी पाणी नेऊन किती नेणार? आणि तिकाटी कोण नेणार? निरोप मिळताच रोशनी मोठ्या मुलामुलींना आणि गावकऱ्यांना घेऊन धावत आली. फावड्यांनी वाळू उपसली, की नवी वाळू घसरून येई. दोर लावून ओढलं. मी जागची हलले नाही.

"टाकी रिकामी करा, काका," रोशनी हळूच म्हणाली. "गाडी तरी निघेल."

"अन मग तिथं जाऊन का करू? हात हलवू?"

शालिकराम खाली बसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या दबून सपाट झालेल्या कमानींकडे नीट पाहिलं. एका कमानीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाणी जड नाई. मीच जड केलं हिले."

आत जनरेटर आणि लोखंड कापायचं ग्राइंडर होतं. त्यांनी कपाट कापलं, ओट्याच्या प्लेटी कापल्या. ठिणग्यांचे फवारे उडत होते आणि मुलं लांब उभी राहून तोंडं उघडी टाकून बघत होती. पलंगापाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"हा राहू दे," ते म्हणाले.

"कापा," सिंधुताई म्हणाल्या.

"तुह्या पाठीसाठी केला मी."

"माह्यासाठीच केला ना? मग मीच सांगून राहिली, कापा. पोट्टे तहानेले आहेत तिकडं."

शालिकरामांनी मान खाली घातली आणि ग्राइंडर चालू केलं. वेलबुट्टीचा पलंग तुकडे होऊन वाळूवर आला. ते त्या प्लेटींकडे पाहत राहिले आणि एकदम उठले. कारखान्यात मऊ जमिनीवरून क्रेन न्यायची असली, की आधी पोलादी प्लेटी अंथरत असत. त्यांनी हजारदा पाहिलं होतं ते.

"चाकापुढं टाका रे सगळ्या! मागची मोकळी झाली की उचलून पुढं. अन दोर धरा. मी हाक देतो, तेव्हाच ओढा. कारखान्यात आपले खलासी जड सामान ओढतात तसं. एकटा पोट्टा नाई, सगळे एकदम!"

सिंधुताईंनी दोर धरला, रोशनीने धरला, गावकऱ्यांनी धरला. शालिकराम स्टीअरिंगवर बसले आणि खिडकीतून ओरडले. सगळ्यांनी एका दमात "हैया!" म्हटलं. मला वाटलं, पुन्हा तेच होणार. पण माझं चाक प्लेटीवर चढलं. पुन्हा हाक आली, पुन्हा "हैया!" मागची प्लेट पुढे आली. ज्या पोलादाने मला बुडवलं होतं, त्याच्यावरूनच मी चालत होते, आणि माझ्या टाकीतलं पाणी आत डुचमळत होतं. माझ्या आयुष्यात मी कितीजणांना वाहून नेलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माणसांनी नेलं. ते बळ कुठून येतं, मला अजून कळलेलं नाही.

दुपार कलताना मी शिबिरात पोचले. मुलं रांगेत उभी होती, कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. सिंधुताईंनी नळ सोडला. उरलेल्या उजेडात शालिकरामांनी तिकाटी उभी केली आणि दुसऱ्या दिवशी पंपाचे पाइप वर आले. एकही मूल परत गेलं नाही.

गावकऱ्यांनी सिंधुताईंना सुतळीची हलकी खाट विणून दिली. त्या आता तिच्यावरच झोपतात. "पाठ दुखतच नाई माही आता," असं म्हणून त्या नवऱ्याला चिडवतात. शालिकराम हसतात, आणि निघण्याआधी दरवेळी वाकून माझ्या कमानी तपासतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. रेणू नावाची एक लहान मुलगी रांगेत शेवटची होती. तिला पेलाभर पाणी मिळालं. ती अर्धं प्यायली, मग माझ्याजवळ आली. माझं इंजिन अजून तापून धापा टाकत होतं. तिने माझ्या बॉनेटला हात लावला, चटका बसून तो मागे घेतला, आणि पेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या चाकावर ओतलं. "तू पण पी," ती म्हणाली.

मित्रांनो, तेवढ्याशा पाण्याने चाक थंड होत नाही. पण दिवसभर तहानलेल्या मुलीने ते मला दिलं होतं. म्हणून तुम्हाला एक विनंती करते. सायकल असो, हातगाडी असो, शाळेची बस असो, आम्हाला सांगता येत नाही. आमच्यावर ओझं चढवण्याआधी एकदा वाकून आमच्या चाकांकडे पाहा. आणि लांबून थकून आलेलं कुणी दारात उभं असेल, ते यंत्र असो वा माणूस, तर आधी त्याला पाणी विचारा.