उसवलेली कॉलर

थोरल्या जावेच्या शिवणीला तोड नव्हती, हे शिंपी मास्तरांच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला स्वतःला तर जरा जास्तच. मास्तरांचे डोळे साथ देईनात आणि त्यांनी कापड बेतायचं टेबल सोडायचं ठरवलं, तेव्हा ते आपल्याकडेच येणार हे तिने धरूनच ठेवलं. पण मास्तरांनी दोघी जावांना एकेक कोट शिवायला सांगितला.

"शनिवारी चहानंतर बघेन. जिचा कोट पटेल, तिचं टेबल."

धाकटीला मशीनमध्ये दोरा ओवायला थोरलीनेच शिकवलं होतं. आता तीच पोरगी बरोबरीला उभी! बरं, उभी राहिली ती राहिली, बुधवारीच कोट पुरा करून खुंटीला टांगून मोकळीही झाली. मास्तर "वा" म्हणाले. तो एवढासा "वा" थोरलीच्या घशात अडकून बसला.

तिच्या कोटाची फक्त कॉलर आणि बटणं राहिली होती. ती रोज कॉलर लावायची, लांबून बघायची आणि ब्लेड घेऊन उसवायची. एकदा तर कॉलर अगदी मनासारखी बसली. मग बाईसाहेबांनी बटणं लावायची सोडून दुकानातली कपाटं आवरायला काढली, आणि दुसऱ्या दिवशी तीही कॉलर उसवली.

"वहिनी, झाला का हो?" धाकटी विचारायची.

"मला नाही बाई जमत घाईचं काम," थोरली नाक मुरडायची.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं झालं, तशी ती धाकटीच्या कोटापाशी गेली. खिसा किंचित खाली. खांद्यापाशी बाहीला चूण. तिला इतकं बरं वाटलं म्हणता! पण कोट पुरा झाला होता, बटणांसकट, आणि तेच तिला सोसवेना. ब्लेड हातात होतंच. तिने काखेतली शिवण दोन बोटं उसवली.

दोऱ्याचे तुकडे पायावर पडले. आठवडाभर ती हेच तुकडे झटकत आली होती, स्वतःच्या कोटाचे. म्हणजे धाकटीच्या आधी आपण आपल्याच मुळावर उठलो होतो. तिने सुई ओढली, शिवण होती तशी घातली आणि त्याच हाताने आपली कॉलर, बटणं उरकून कोट टांगला. लांबून बघायला वेळच उरला नाही.

मास्तर आता बोटांनीच बघायचे. थोरलीच्या कॉलरवर बोटं थांबली.

"किती वेळा उसवलीस गं? कापडाचा जीव गेलाय."

मग धाकटीचा कोट. काखेत बोटं पुन्हा थांबली. "ही एवढी शिवण तुझी नाही."

धाकटी गोंधळली. थोरलीला गप्प बसता आलं असतं.

"माझी आहे," ती म्हणाली. "मीच उसवली, मीच घातली."

"सुरेख घातलीस. कॉलर अशी लावली असतीस तर टेबल तुझं होतं." मास्तरांनी मोठी कात्री धाकटीच्या हातात दिली.

"वहिनी, का हो उसवलीत?" धाकटीने विचारलं.

"जळले तुझ्यावर. अजून जळतेय." थोरलीने ब्लेड पुढे केलं. "हे तुझ्याकडे ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."

धाकटीने ते टेबलाच्या खणात टाकलं. तिच्या टेबलाच्या. थोरलीने फळीवरून कापडाचा तागा उचलला आणि धाकटीपुढे आपटला.

"बेत एक कोट. आणि नीट बेत, मी शिवणार आहे."