बारा रविवारांचा चाकू

अंधेरीच्या चाकू-कात्र्यांच्या कारखान्यात विद्याधररावांची ख्याती एकच: हा माणूस खोटी नोंद करायचा नाही. सत्तावीस वर्षांत केली नव्हती. म्हणून १९६९ साली मालकांनी स्वतःचं नवं पोलाद काढलं, तेव्हा त्याच्या घडीच्या चाकूची परीक्षा त्यांच्याच गळ्यात पडली. पोलादात काय किती घातलंय ते फक्त मालकांना ठाऊक. समुद्रावर ते गंजतं का आणि धार टिकते का, एवढंच विद्याधररावांनी सांगायचं होतं.

त्यांनी चाकू वेसाव्याच्या हरेश्वर कोळ्याला दिला. तीन महिने त्याने होडीवर वापरायचा, दर रविवारी यांनी येऊन बघायचा, असं ठरलं.

बघायला पाच मिनिटं पुरत. भिंगातून पातं न्याहाळायचं, कागद कापायचा, घडी उघडून मिटून बघायची. विद्याधरराव मात्र दोन तास बसत. हरेश्वरची बायको सगुणा चहा टाकी, हरेश्वर वाऱ्यापाण्याच्या गोष्टी सांगे, आणि हे चक्क हसत. पत्नी उत्तराबाई गेल्यापासून दोन वर्षं पार्ल्याच्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आमटीला फोडणी दिली तरी त्या आवाजाने दचकायला होई.

नवव्या रविवारी पात्याला खोबरेलाचा वास आला. विद्याधरराव काय ते समजले. विचारलं असतं तर चाचणी तिथेच बाद झाली असती. त्यांनी विचारलं नाही. ‘डाग नाही, धार उत्तम’ असं लिहिलं आणि दुसरा कप चहा मागून घेतला. एवढा सोवळा माणूस, पण एका कपाला विकला गेला!

बाराव्या रविवारी हरेश्वर अंगणात दोर कापत बसला होता, तोही जुन्या, गंजक्या सुरीने.

“आमचा चाकू कुठाय रे?”

हरेश्वरने बायकोकडे बघितलं. सगुणाच पुढे आली. “होरीवर नेलाच नाय, सायब. मी रोज पुसून त्याल लावून ठेवतंय. गंजला तं तुमचा मालक तुमाला बोलंल ना! इतकं चांगलं मानूस तुमी.”

रागवायचं कोणावर?

सोमवारी त्यांनी मालकांना सगळं सांगितलं, खोबरेलाचा वाससुद्धा लपवला नाही. मालक रागावले नाहीत. म्हणाले, “कारखान्यातच मिठाच्या पाण्याची टाकी बसवू. तुमची रविवारची दगदग तरी वाचेल.”

टाकीत सहाव्या दिवशी पात्यावर तांबूस ठिपके उठले. नोंद खरी होती, पण ती करताना विद्याधररावांना काडीचाही आनंद झाला नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्याने घरी बसवेना. पण काम असल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. वेसाव्याला उतरले तेव्हाही काय सांगायचं ते सुचलं नव्हतं. सगुणा बोंबील वाळत घालत होती. तिने लांबूनच हाक मारली.

“सायब! आज कोनता चाकू?”

“छे, चाकू नाही,” विद्याधरराव गडबडीने म्हणाले. “पुढे एकांकडे जरा काम होतं.”

“मंग काम उरकून या. च्या टाकतंय.”

पुढे त्यांच्या ओळखीचं एकही घर नव्हतं. ते किनाऱ्यावर जाऊन वाळूत बसले. एखादं काम उरकायला साधारण किती वेळ लागतो याचा त्यांनी अंदाज बांधला, अर्धा तास ठरवला, आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले.