ऐकू आलं की बोट वर

"ऐकू आलं की बोट वर करायचं. आवाज कितीही बारीक असू दे. नाही आलं तर गप्प बसायचं," कानाच्या बाईंनी माइकमधून सांगितलं. काचेपलीकडच्या म्हाताऱ्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

दवाखान्यात त्यांना सगळे कानाच्या बाईच म्हणत. डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, दातांचे समोर आणि जिन्याखालच्या दोन खोल्या बाईंच्या. बाहेरच्या खोलीत टेबल आणि तपासणीचं यंत्र. आतली खोली जाड दाराची, भिंतींना स्पंज लावलेली. दोन्हींच्या मध्ये काच. आत माणूस बसवून कानांवर हेडफोन चढवला की जगाशी त्याचा संबंध बाईंच्या बटणापुरता उरे. एरवी बाईंना त्याचं काही वाटत नसे. आज वाटत होतं.

अर्ध्या तासापूर्वी म्हातारा दारात आला तेव्हा बाई खाली मान घालून लिहीत होत्या. "इथेच का कान तपासतात?" एवढंच तो म्हणाला आणि बाईंचा हात थांबला. केस जातात, पाठ वाकते, आवाज कुठे जाईल? शाळेत या मास्तरांना तोफ म्हणत. मास्तर एका टोकाच्या वर्गात शिकवायला लागले की दुसऱ्या टोकाच्या वर्गातल्या पोरांचं अणुरचनेचं प्रकरण आपोआप पाठ होई.

मास्तरांनी बाईंना ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? चाळिशी लागली, केस पिकले, अंग सुटलं. बाईंनीही त्यांना सर म्हटलं नाही. "या आजोबा, बसा," म्हणाल्या. आजोबा तर त्या सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणत.

बरोबर सून होती. बोलघेवडी, पण मनाने चांगली. घरात सगळे ओरडूनच बोलतो, शेजाऱ्यांना वाटतं रोज भांडणं चालतात, असं तिने हसत हसत सांगितलं. येत्या रविवारी मास्तरांच्या जुन्या शाळेत कार्यक्रम होता. मुलं अणूवर प्रश्न विचारणार आणि मास्तर उत्तरं देणार. दरवर्षी असतो म्हणे. "यंदा कानाला मशीन लावूनच पाठवणार मी त्यांना," ती म्हणाली. "यायलाच तयार नव्हते. धरून आणलंय." मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलत बसली.

बाईंनी पहिला आवाज सोडला. मास्तरांचं बोट वर गेलं. बाईंनी आवाज कमी केला. बोट वर.

त्या वर गेलेल्या बोटाकडे बघताना बाईंचा जुना राग जागा झाला. नववीत असताना एका मुलीने असंच बोट वर केलं होतं. मास्तरांनी फळ्याच्या मधोमध ठिपका काढला होता आणि भोवती गोल. हे केंद्रक, धन. हा इलेक्ट्रॉन, ऋण. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, पण इलेक्ट्रॉन गरगर फिरतो म्हणून आत पडत नाही. लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. या मुलीला मात्र रात्रभर झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, सारखं फिरून फिरून इलेक्ट्रॉनला दम लागत नाही का? दमला तर तो आत पडेल ना?"

मास्तरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वर्गाकडे पाहिलं. "दम तुला लागलाय, बाळ. बस खाली."

वर्ग असा हसला की बाकं हलली. एवढ्यावर थांबतं तर काही बिघडलं नसतं, शाळेत हसं कोणाचं होत नाही? पण मास्तरांना खेळणं सापडलं. रोज वर्गात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "काय, दमलीस का?" जिन्यात भेटली की तेच. परीक्षेत पेपर हातात देतानाही तेच. पोरांनी तिचं नाव टाकलं आणि तिला दमलेली म्हणू लागली. शेवटी शिपाईसुद्धा म्हणू लागला. शाळा सुटेपर्यंत ते नाव सुटलं नाही. आवडता विषय मात्र सुटला. त्यानंतर कुठल्याही वर्गात, कुठल्याही सभेत तिने बोट वर केलं नाही.

तिचं वाटोळं झालं असं कोणी म्हणणार नाही. नोकरी, नवरा, मुलगा, सगळं जिथल्या तिथे होतं. पण पुढे केव्हातरी मुलाच्या पुस्तकांत एक जाडजूड पुस्तक हाती आलं आणि त्यात तिचा प्रश्न होता. दम हा शब्द नव्हता एवढंच. मोठमोठ्या लोकांची झोप त्या प्रश्नाने उडवली होती. उत्तर तिला निम्मंच कळलं. इलेक्ट्रॉन चेंडूसारखा फिरत नाही, त्याला ठरलेल्या पायऱ्या असतात आणि सगळ्यांत खालच्या पायरीखाली पडायला जागाच नसते. वाचून समाधान व्हायचं, तर राग दुपटीने वाढला. वेडगळ प्रश्न विचारून हसं झालं असतं तर पोरगी विसरली असती. प्रश्न बरोबर होता, म्हणून डूख धरला गेला. आणि आता साक्षात मास्तर काचेआड बसले होते.

उट्टं काढायचं तर अगदी सोपं होतं. मशीन असं लावायचं की बंद खोलीत ठीक वाटावं आणि सभागृहात नुसता गोंगाट व्हावा. नव्या मशीनबद्दल सगळेच कुरकुरतात, बाईंवर कोण आळ घेणार? रविवारी भरल्या सभेत मास्तर कानावर हात ठेवून आँ आँ करत बसतील. बाईंना ते चित्र फार आवडलं.

तेवढ्यात मास्तरांचं बोट पुन्हा वर गेलं. बाईंनी बटण दाबलंच नव्हतं.

त्या थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा बोट वर. मग पुन्हा. मास्तर अंदाजाने बोट वर करत होते. असे रुग्ण बाईंनी पुष्कळ पाहिले होते. ऐकू येत नाही हे मान्य करायची लाज वाटते, म्हणून शांततेतच आवाज ऐकतात. एरवी बाई समजुतीने घेत. आज त्यांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "आजोबा, मी काहीच वाजवलं नव्हतं."

मास्तरांचं बोट हळूच खाली आलं. कानशिलं लाल झाली. बाईंना थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

पुढची तपासणी शब्दांची होती. बाई वाक्य बोलणार आणि रुग्णाने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. पंखा बंद कर. दुकान लवकर उघडतं. मास्तरांनी पहिली वाक्यं म्हटली. मग बाईंनी छापलेला कागद बाजूला सारला, आवाज पुरेसा वाढवला आणि एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "इलेक्ट्रॉनला फिरून फिरून दम लागत नाही का?"

"इलेक्ट्रॉनला," मास्तर म्हणाले आणि थांबले.

"पूर्ण म्हणा, आजोबा."

"इलेक्ट्रॉनला फिरून फिरून दम लागत नाही का?" त्या तोफेच्या तोंडून आपला प्रश्न बाहेर पडताना ऐकून बाई काचेकडे वाकल्या. आता ओळखतील, त्यांना वाटलं. ओळखायलाच हवं. पण मास्तरांनी एवढंच विचारलं, "हे वाक्य कागदावर आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी काचेतून बाहेरच्या दाराकडे पाहिलं. सून अजून फोनवरच होती. मग त्यांनी काचेकडे तोंड करून, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात विनंती केली. मशीन बसत नाही असं लिहून द्या म्हणाले. कान मशीनच्या पलीकडे गेलेत असं लिहा.

का, असं बाईंनी विचारलं.

"रविवारी पोरं प्रश्न विचारणार ना, मॅडम. ऐकू येत नाही तेच बरं आहे. पोरगं काहीही विचारू दे, मी मला येतं तेच ऐकल्यासारखं करतो आणि त्याचं उत्तर देतो. टाळ्या पडतात. सगळं ऐकू यायला लागलं तर पंचाईत होईल."

"आणि कान चांगले होते तेव्हा काय करायचात?"

"तेव्हा आवाज होता," मास्तर हसले. "दर वर्षी एखादं निघायचंच. इलेक्ट्रॉन आत का पडत नाही, त्याची ताकद का संपत नाही. मला तरी कुठे माहीत होतं? पुस्तकात होतं तेवढं मी सांगायचो. मग वर्गाला हसवायचं. एकदा वर्ग हसला की ते पोर पुन्हा हात वर करत नाही."

"त्यातलं कोणी आठवतं?"

"छे हो. किती वर्ग झाले, किती पोरं."

बाईंनी हा माणूस इतकी वर्षं मनात सांभाळला होता आणि त्याच्या खिजगणतीतही त्या नव्हत्या. दर वर्षी एखादं निघायचं. म्हणजे त्यांचा अपमानसुद्धा त्यांच्या एकटीचा नव्हता. राग आता डोक्यात गेला आणि तिथे गेल्यावर थंडपणे विचार करू लागला. मशीन बिघडवणं म्हणजे मास्तरांवर उपकारच की. त्यांना तेच तर हवं होतं.

बाईंनी आतलं दार उघडलं, सुनेला हाक मारली आणि दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मशीन छान बसेल. काळजीच करू नका."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. पकडून आणलेला चोर हवालदाराकडे पाहतो तसं. बाईंनी डोळे वळवले नाहीत.

त्या दिवशी बाईंनी मशीन जसं लावलं तसं आयुष्यात कोणाला लावलं नव्हतं. एकेका सुराला थांबून त्या विचारत होत्या, बोचतं का, घुमतं का. गर्दीसाठी वेगळी जुळणी केली, मोठ्या खोलीसाठी वेगळी. मास्तरांच्या पाठीमागे जाऊन, ओठ दिसू न देता त्या कुजबुजल्या. मास्तरांनी नाइलाजाने बरोबर उत्तर दिलं. मग त्यांनी सुनेला व्हरांड्याच्या टोकाला उभं करून हळू बोलायला लावलं. तिथूनही ऐकू आलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने बाईंचा हात धरला. बाई म्हणाल्या, "आता एक अक्षर चुकणार नाही. कोणी कितीही मागे बसलं तरी."

रविवारी बाई त्या कार्यक्रमाला गेल्या. सुट्टीच्या दिवशीही रुग्णांच्या मागे कशाला जायचं, म्हणून नवरा कुरकुरला. मशीन सभागृहात कसं चालतं ते बघायचंय, असं बाईंनी सांगितलं. ते खोटंही नव्हतं. शाळा सुटल्यापासून त्या इमारतीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. जिना तोच होता. त्या चढल्या आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसल्या.

सुरुवात झकास झाली. अणूत काय काय असतं, अणू डोळ्यांना का दिसत नाही. मास्तरांची तोफ धडाडत होती, पोरं खूश होती. बाई वाट बघत होत्या. त्यांनी कोणालाही पढवलं नव्हतं. मास्तरच म्हणाले होते, दर वर्षी एखादं निघतं.

निघालं. मधल्या रांगेतून एक काटकुळी मुलगी उठली. तिच्या हातात माइक दिला तर तो तिच्या हनुवटीला लागून करकरला. "सर, इलेक्ट्रॉन सारखा फिरतोच आहे," ती म्हणाली. "मग त्याची शक्ती संपत कशी नाही? संपली तर तो आत पडायला पाहिजे."

कुठूनतरी खुदकन हसू आलं. मग आणखी एक. हसायला तयार असलेल्या वर्गाचा तो आवाज बाईंनी झोपेतही ओळखला असता. मास्तर गप्प होते. सूत्रसंचालन करणारे शिक्षक चटकन पुढे झाले. सरांना नीट ऐकू येत नाही, आपण दुसरा प्रश्न घेऊ, असं म्हणून त्यांनी मुलीला बसायची खूण केली. सवयीने ती बसायला लागली.

मास्तरांचा हात कानाकडे गेला. बाई खांबाबाहेर वाकल्या. काढतील मशीन, त्यांना वाटलं. नाहीतर तेच जुनं वाक्य म्हणतील. हात कानापाशी घुटमळला आणि मग मास्तरांनी एक बोट वर केलं.

"ऐकू आलं मला," ते म्हणाले. "बसू नकोस, बाळ. घाबरू नकोस. आवाज कापतोय तुझा. हसणाऱ्यांचाही येतोय ऐकू."

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

"ठरलेल्या कक्षेत असला की त्याची शक्ती जात नाही, असं पुस्तकात आहे. का जात नाही, ते मला येत नाही. मी जन्मभर शिकवलं, पण मला ते कधी कळलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मी खाली बसवलं. तुझा प्रश्न बरोबर आहे. मी विचारून ठेवतो कोणाला तरी. तूही शोध."

टाळ्या पडल्या नाहीत. ती मुलगी उभीच होती आणि तिचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

बाईंना हवं होतं ते सगळं झालं होतं. मास्तरांना ऐकावं लागलं, सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं, आणि तेही बाईंनीच लावलेल्या मशीनमुळे. तरी त्यांना रडूच कोसळायच्या बेतात होतं. तुझा प्रश्न बरोबर आहे, हे वाक्य त्यांचं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डूख धरला ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच मुलीच्या पदरात पडलं. त्या काटकुळ्या पोरीचा त्यांना हेवा वाटला. रागही आला आणि त्या रागाची लाजही वाटली.

"आणखी कोणी?" मास्तरांनी सभागृहावर नजर फिरवली. आवाज आता तोफेचा नव्हता, साधा होता. कानांना ऐकू यायला लागलं की माणसं आपोआप हळू बोलतात, बाईंना ते ठाऊक होतं. "मागे कोणी आहे का? शेवटच्या रांगेत? विचारा, ऐकू येतंय मला."

मुलं वळून मागे बघू लागली. बाईंचा हात मांडीवर होता. बोट जरासं हललं. पण ते वर गेलं नाही.