सगळं ठीक आहे

फोनवर ताई रडली नव्हती, म्हणूनच तिच्या धाकट्या भावाला जास्त धास्ती वाटत होती. तो तिच्या भरतकामाच्या दुकानात शिरला, तर मशीन गप्प आणि शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर चोरांची लाल पाटी: फायली परत हव्या असतील तर पैसे भरा. ताईने आजवर काढलेली सगळी नक्षी आत अडकली होती.

"आला माझा इंजिनिअर!" ताई समोरच्या शिंपीणकाकूंना म्हणाली. "ही सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीतच असतो तो."

काकूंनी नाक मुरडलं. "मग चोर शिरायला एवढं भगदाड राहिलंच कसं?"

"त्यांना कळलं नसेल हो. कळलं असतं तर याने एका दिवसात बुजवलं असतं. भाऊ कोणाचा आहे!"

धाकट्याला मान वर करवेना. भगदाड कंपनीला केव्हाच कळलं होतं. दुरुस्तीही तयार होती, पण फक्त जादा पैसे मोजणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांसाठी. बाकीच्यांनी नवी सिस्टिम घ्यावी. बैठकीत साहेबांनी "कोणाची हरकत?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली, त्यात हाही होता. शहाण्याने स्वतःचा कॉम्प्युटर तेवढा बदलला. ताईचं जुनं मशीन नव्यावर चालत नव्हतं, म्हणून तिचं 'बघू पुढे' म्हणून सोडून दिलं. लाज वाटायची ती तेव्हा. आता वाटून काय उपयोग?

"मी हयगय नाही केली हं," ताई म्हणाली, जणू गुन्हा तिचाच. "तू शिकवलंस तसं रोज सकाळी सुया ओवायच्या आधी ते तपासणीचं बटण दाबायचे. हिरवी खूण यायची, 'सगळं ठीक आहे'. की मी निर्धास्त."

ते बटण कंपनीकडून नवी दुरुस्ती आली आहे का, एवढंच बघायचं. ती पाठवायचीच नाही असं ठरल्यावर दुसरं काय येणार? ते वाक्य बदलावं का, हा प्रश्न त्याच्याच टेबलावर आला होता. लोक उगाच घाबरतील, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं.

थाप मारली असती तरी ताईने डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"ताई, आम्हाला माहीत होतं."

काकू पिशवी उचलून निघून गेल्या.

"मग रोज ते 'ठीक आहे' कोण म्हणायचं?"

"मीच."

ताई मशीनमधले दोरे एकेक करून काढू लागली. तो मदतीला पुढे झाला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही बसा. पाहुण्यांना काम सांगत नाही मी."